बोगीची पेटी, अण्णांचे कागद

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मुलीजवळ नाही, आणि ज्या एका मित्राला मी बाकी सगळं सांगतो त्याच्याजवळही नाही. तुम्हालाच का सांगतोय, ते मला नीट सांगता येणार नाही. तुम्ही समोर बसलेले नाही म्हणून असेल कदाचित. समोर कोणी असलं की मी गोष्ट रंगवून सांगायला लागतो. ही सवय जुनी आहे, आणि सुरुवात तिच्यापासूनच करावी लागेल.

आमच्या घरची एक गोष्ट आहे. इथे कॅनडात आमच्या ओळखीच्या मराठी-गुजराती मंडळींना ती पाठ झालेली आहे. गणपतीचं जेवण झालेलं असतं, मंडळी सैलावलेली असतात, एखादं नवीन कुटुंब आलेलं असतं, आणि कोणीतरी म्हणतं, "अरे, तुमच्या कुत्रीची गोष्ट सांग ना यांना." मग मी सांगतो. बडोद्याच्या रस्त्यावरची गावठी कुत्री आम्ही विमानात घालून इथवर कशी आणली. माझ्या वडिलांनी तिच्यासाठी स्वतःच्या हातांनी पेटी कशी केली. त्या पेटीची भाजीच्या लारीवरून, म्हणजे हातगाडीवरून, सोसायटीभर वरात कशी निघाली. लोक पोट धरून हसतात. शेवटी एखादी बाई हळवी होऊन म्हणते, "मुक्या जनावरासाठी एवढं करणारी माणसं कुठे राहिलीत आता?" मी खाली बघतो. त्यांना वाटतं, लाजला.

गोष्टीतलं एक अक्षर खोटं नाही. मी फक्त ती अर्धी सांगतो.

कुत्रीचं नाव बोगी. ती मुळात अण्णांची — म्हणजे माझ्या वडिलांची. अण्णा बडोद्यातच प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये सुतारकामात होते. नॅरोगेजच्या डब्यांची दारं, बाकं, खिडक्यांच्या चौकटी, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिली होती तेव्हा वर्कशॉपच्या फाटकापाशी एक तांबूस पिल्लू त्यांच्या सायकलीमागे धावायला लागलं. पहिल्या दिवशी पानाच्या गल्ल्यापर्यंत, म्हणजे टपरीपर्यंत, दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्या वळणापर्यंत, असं ते रोज थोडं थोडं लांब येऊ लागलं. एक दिवस अण्णांनी हत्यारांच्या पिशवीतली हत्यारं कॅरिअरला बांधली, पिशवीत पिल्लू घातलं आणि हँडलला लटकवून अकोट्याला घरी आणलं. "इंजिनामागे लागली होती, म्हणून बोगी," एवढंच म्हणाले. आई तेव्हा होती. तिने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी वाटीत दूध-पोळी कुस्करून ठेवली.

नंतर आई गेली. अण्णा निवृत्त झाले. घरात मी, माझी बायको मेधा, आमची लहान मुलगी ईशा, अण्णा आणि बोगी. बोगी सगळ्यांशी चांगली वागायची, पण उठायची ती अण्णांच्या उठण्याबरोबर आणि झोपायची ती अण्णांच्या खाटेखाली. ईशाला ते मान्य नव्हतं. तिच्या मते बोगी तिची होती. अण्णा तिला म्हणायचे, "तुझीच आहे, मी नुसता ड्रायव्हर."

तो काळ तुम्हाला आठवत असेल तर आठवा. बडोद्यात दर दोन घरांआड कोणीतरी बाहेर जायला निघालेलं असायचं. अलकापुरीत एजंटांच्या पाट्या लागल्या होत्या. आधी शेजारच्या टेनामेंटमधला मुलगा गेला, मग माझ्या कारखान्यातले दोघं गेले. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर, नोकरी बरी होती, तरी मीही फाईल केली. दीड वर्षाने व्हिसा आला. मेधा आनंदाने रडली. ईशा वेगळ्या कारणासाठी रडली — बोगी नसेल तर मी येणार नाही, तुम्ही जा. आठ वर्षांची पोर, पण जेवण सोडून बसली.

खरं तर कॅनडाला कुत्रं नेणं अवघड नव्हतं. मी चौकशी केली. रेबीजची लस टोचल्याचा एक कागद, आणि विमान कंपनीच्या मापात बसणारी मजबूत पेटी. बस. एका माणसाला जाताना किती कागद लागले होते ते आठवून मेधा हसली होती.

पण बोगी अण्णांची होती ना? मग ती त्यांनी दिली कशी?

इथे मी गोष्ट सांगताना एक वाक्य गाळतो. अण्णांनी बोगी दिली, कारण अण्णा स्वतः येणार होते. ठरलेलंच होतं तसं. आम्ही पुढे जायचं, बस्तान बसवायचं, मग मी तिथून त्यांचा अर्ज भरायचा. मुलाने वडिलांना बोलावून घेण्याची सोय होती. एजंटकडून त्यांचे फॉर्म आणले. अण्णांनी ते आठ दिवस घेऊन भरले, प्रत्येक रकाना आधी पेन्सिलीने, मग पेनाने. रावपुऱ्यातल्या स्टुडिओत जाऊन फोटो काढला, माझ्या लग्नातला कोट घालून. एजंटने सांगितलं म्हणून छातीचा एक्स-रे काढला. त्यात एक जुना डाग निघाला, आणि खाली डॉक्टरने लिहिलं होतं की काळजीचं काही नाही. फॉर्म, फोटो आणि एक्स-रेचा रिपोर्ट एका खाकी पाकिटात घालून त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बोगी आधी जाऊ दे. ईशाला नवी शाळा, नवी पोरं, तिला सोबत पाहिजे. मी काय, वर्षभरात आलोच. बोगी विसरते थोडीच."

मग ते पेटीच्या मागे लागले.

अण्णांचं काम बघितलं नसेल तर तुम्हाला ही पेटी कळणार नाही. आधी पुठ्ठ्याची पेटी केली. बोगीला त्यात उभं केलं, बसवलं, वळायला लावलं, आणि तिच्या कानांपासून छतापर्यंतचं अंतर मोजून कागदावर उतरवलं. मग लाकूड आणलं. खिळा एकही नाही, सगळे स्क्रू. "हादऱ्याने खिळा सुटतो, स्क्रू सुटत नाही," हे वर्कशॉपमधलं पहिलं शिक्षण. आतून प्रत्येक फळीवर हात फिरवून कुसळ शोधायचे. दाराला डब्याच्या दारासारखी कडी, बाहेरून इंग्रजीत स्टेन्सिलने काढलेली अक्षरं, बाणाची खूण, आणि कोपऱ्यात बारीक मराठीत 'बोगी'.

पेटी झाली म्हणजे काम झालं असं नव्हतं. दीड महिना त्यांनी बोगीला पेटी शिकवली. आधी नुसती दूध-पोळी आत ठेवायची, दार उघडं. मग दार लोटून घ्यायचं. मग कडी. पाच मिनिटं, अर्धा तास, दोन तास. प्रत्येक वेळी दार अण्णाच उघडणार, आणि समोर अण्णाच बसलेले असणार, वाटी घेऊन. दुसऱ्या कोणाला ते उघडू द्यायचे नाहीत. शेवटी शेवटी बोगी कडी लावल्यावर भुंकेनाशी झाली. निवांत पडून राहायची. दार उघडलं की अण्णा असतात, हे तिला पक्कं झालं होतं.

आणि मग लारी. "ट्रायल घेतल्याबिगर डबा बाहेर काढायचा नसतो," अण्णा म्हणाले. वर्कशॉपमधून दुरुस्त झालेला डबा निघण्याआधी रुळांवर फिरवून बघतात, तशी बोगीची ट्रायल. भाजीवाल्याची लारी तासाभरासाठी मागून आणली, तिच्यावर पेटी, पेटीत बोगी. मी ढकलणार, अण्णा बाजूने चालत आत बघत राहणार. रविवारची सकाळ होती. सोसायटी गॅलरीत आली. समोरच्या हसुबेन म्हणाल्या, "अण्णा, आ तो बोगीनी जान नीकळी," म्हणजे ही तर बोगीची वरातच निघाली, आणि सगळे हसले. मीही हसलो. इथपर्यंत ही गोष्ट मी फार छान सांगतो.

पुढचं सांगत नाही.

खड्डा आला. मी लारी जरा जोरात घेतली. अण्णा थांबले. माझे दोन्ही हात हँडलवरून उचलून त्यांनी खाली सरकवले आणि म्हणाले, "असं नाही. हात खाली. अंगठा बाहेर. किती वेळा सांगायचं?" रागावून नाही. ते रागवायचे नाहीत. वर गॅलरीत कोणीतरी हसलं. मी छत्तीस वर्षांचा होतो. माझ्या हाताखाली चौदा माणसं काम करत होती.

ते आयुष्यभर असंच होतं. शाळेत मी एकदा हस्तकलेसाठी स्टूल केलं होतं. सरांनी शाबासकी दिली होती. घरी आणल्यावर अण्णांनी ते उलटं केलं, काटकोन तपासायचा गुण्या लावला, काही न बोलता चारही पाय सोडवले आणि रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा जोडले. आता ते डुलत नव्हतं. माझं मात्र राहिलं नव्हतं. माझं लग्न, माझी नोकरी, मी लावलेली खुंटी, मी लिहिलेलं पत्र — प्रत्येक गोष्टीवरून त्यांचा हात फिरायचा, कुसळ शोधत. त्यात माया होती, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर कधी उलटून बोलता आलं नाही.

लारीच्या हँडलवर माझे हात त्यांनी ठेवले तसेच ठेवून मी पुढे चालत राहिलो, आणि माझ्या मनात एक वाक्य आलं. तिकडे हे नकोत.

मी स्वतःला अनेक वर्षं सांगितलं की निर्णय नंतर झाला. तिकडे गेल्यावर, धावपळीत, कामाच्या रगाड्यात राहून गेलं. तसं नाही. निर्णय त्या खड्ड्यापाशी झाला. त्यानंतरचे अकरा दिवस मी अण्णांच्या समोर वावरलो, त्यांच्या ताटाला ताट लावून जेवलो, आणि मला माहीत होतं.

स्टेशनवर अण्णांनी बोगीची पेटी स्वतः गार्डाच्या डब्यात चढवली. मुंबईपर्यंत ती तशी जाणार होती. गार्डाशी दोन शब्द बोलले, पेटीच्या जाळीत दोन बोटं घालून थोडा वेळ उभे राहिले, मग आमच्या खिडकीपाशी आले. ईशाच्या केसांवरून हात फिरवला. मला म्हणाले, "कागद पिशवीत नको ठेवूस. अंगावर ठेव." मी शर्टाच्या आत खोचलेलं पाकीट त्यांना दाखवलं. दाखवलं मी. तेव्हा त्यांना बरं वाटलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

इथे आल्यावर ते पाकीट मी नव्या ऑफिसच्या टेबलाच्या खणात ठेवलं, तळाशी. बोगीचं मात्र सगळं वेळच्या वेळी केलं. गावच्या ऑफिसात तिची नोंद, गळ्यातला बिल्ला, दर वर्षीची लस. मी ढिला माणूस नाही, हे तुमच्या लक्षात यावं म्हणून सांगतो.

पहिले काही आठवडे बोगीने काय केलं ते मी कुठल्याच गणपतीत सांगितलेलं नाही. पेटी आम्ही भाड्याच्या घराच्या मागच्या खोलीत ठेवली होती. रोज सकाळी बोगी आपणहून त्या पेटीत जायची, पंजाने दार ओढून घ्यायची आणि आत बसून राहायची. ईशा दार उघडायची. बोगी तिच्या पलीकडे बघायची, पुन्हा दार ओढायची. मेधाने उघडून बघितलं. मी उघडून बघितलं. ईशाला वाटलं, बोगी खेळतेय. मला माहीत होतं ती काय करतेय. दार उघडलं की अण्णा असतात, एवढंच तिला कोणीतरी मन लावून शिकवलं होतं, आणि चुकून दुसरंच माणूस निघालं तर पुन्हा लावून पुन्हा उघडून बघायचं, हे तिने स्वतःच्या मनाने काढलं होतं.

महिनाभर मी ते पाहिलं. मग एका शनिवारी मेधा आणि ईशा बाहेर गेलेल्या असताना पेटी सोडवली. स्क्रू होते, त्यामुळे सहज सुटली. फळ्या कचऱ्याच्या गाडीसाठी रस्त्याकडेला ठेवल्या. घरी सांगितलं, खालून कुजायला लागली होती. बोगी त्या कोपऱ्यात काही दिवस जमिनीवर बसली आणि मग तिने सोडून दिलं.

दर रविवारी सकाळी आम्ही फोन करायचो, तेव्हा बडोद्यात संध्याकाळ असायची. ईशा बोलायची, मेधा बोलायची, मग अण्णा म्हणायचे, "बोगीला दे." मी रिसीव्हर बोगीच्या कानाला लावायचो. ती मान वाकडी करून ऐकायची आणि रिसीव्हर चाटायची. मग माझी पाळी. "कागद कुठवर आले?" "चालू आहे, अण्णा. इथे वेळ लागतो." वर्षभर एवढ्यावर निभावलं.

वर्ष संपल्यावर एवढ्यावर निभावेना. त्या रविवारी त्यांनी पुन्हा विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एक्स-रेमुळे अडलंय. तो डाग आहे ना. छाती सुधारली तर पुन्हा अर्ज घेतील म्हणतात." इतकं सहज निघालं की मीच चकित झालो. पाहुणा म्हणून तरी येता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, एकदा नकार आला की त्यालाही नाही म्हणतात. मी सांगितल्यावर ते एजंटला तरी कशाला विचारतील? त्यांच्यासाठी कॅनडा म्हणजे मीच होतो. घरातही मी हेच सांगितलं. मेधाचे डोळे भरून आले. ती माझा हात धरून म्हणाली, तू तुझ्याकडून सगळं केलंस. मेधाला अण्णा यायला हवे होते, हेही इथेच सांगून टाकतो. लोक अशा वेळी सुनेकडे बोट दाखवतात. इथे सुनेचा काही संबंध नाही.

आता जे सांगायचं आहे ते मला सांगवत नाही. तरी सांगतो.

अण्णांनी छाती सुधारायला घेतली. पेटी करायला घेतली होती तशीच. चाळीस वर्षांची विडी एका दिवसात सोडली. रोज पहाटे विश्वामित्री नदीचा पूल ओलांडून कमाटी बागेपर्यंत चालत जायचे, दोन फेऱ्या मारायचे, परत यायचे. कुठल्याशा वर्गात जाऊन प्राणायाम शिकले. दर रविवारी मला हिशेब द्यायचे — किती फेऱ्या, किती वेळ, खोकला किती. आठ महिन्यांनी त्यांनी नवा एक्स-रे काढून टपालाने पाठवला, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, कडा चिकटपट्टीने बांधून. मी तो ऑफिसच्या खिडकीला लावून बघितला. मला त्यातलं काय कळणार? सोबतच्या कागदावर डॉक्टरने लिहिलं होतं — प्रकृती उत्तम, कुठलाही चालू आजार नाही.

रविवारी मी त्यांना सांगितलं, "अजून थोडं आहे म्हणतात."

एकदा नाही. तीन एक्स-रे आले. तिन्ही खणात गेले.

मधे एकदा मी पंधरा दिवसांसाठी बडोद्याला गेलो. एकटाच गेलो. अण्णा मला पहाटे बागेत घेऊन गेले. माझ्याहून भरभर चालत होते, मला मागे पडू देत होते आणि वळून बघत होते. दोन फेऱ्या झाल्यावर ते थांबले, माझा हात धरला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. "बघ. धाप आहे का?" नव्हती. मी म्हणालो, "नाही, अण्णा." आणि हात काढून घेतला. ते म्हणाले, "तिथल्या साहेबांना एकदा असा हात लावून बघायला सांग." चेष्टेत म्हणाले. मला हसणं भाग होतं. हसलो.

त्या वेळी सांगता आलं नसतं का? बाकावर बसलो होतो दोघं. एक वाक्य होतं. त्यांनी मला मारलं नसतं, टाकलं नसतं. अर्ज तर अजूनही करता आला असता — पाकीट तसंच होतं, मी तसाच होतो, फक्त वर्षं गेली होती. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, चला, हसुबेननी नाश्त्याला बोलावलंय.

मला त्यांचा राग होता का? नाही. इथे सुखात होतो का? होतो, हे खरं आहे. मी लावलेली खुंटी कोणी काढून पुन्हा लावत नव्हतं. माझ्या घरातलं फर्निचर जरा डुलतं, आणि मला ते तसंच आवडतं. शिवाय आणखी एक. मला त्यांची लाज वाटली असती. पिवळी पडलेली बोटं, बेसिनमध्ये खाकरणं, कोणाशीही गुजराती-हिंदीची खिचडी करून बोलायला लागणं. ज्या मंडळींसमोर मी त्यांची गोष्ट सांगून वाहवा घेत होतो, त्याच मंडळींसमोर ते स्वतः मला नको होते. पेटी करणारे अण्णा गोष्टीत फार शोभत होते.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. पहाटे फिरायला निघाले असताना पुलाच्या अलीकडे खाली बसले आणि गेले. हृदय. छातीचं काही नव्हतं. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. दिवस झाले, सोसायटीतली माणसं येऊन बसली. हसुबेन माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "भाई, तमे बहु कर्युं. अण्णा बद्धांने कहेता — छोकरो तो थाकतो नथी, मारी छाती ज नडे छे." मुलगा तर थकत नाही, माझी छातीच आडवी येते. सगळ्यांना हेच सांगत होते ते. सगळी सोसायटी माझ्याकडे चांगल्या नजरेने बघत होती. मी चहा घेतला.

परत आल्यावर ते पाकीट आणि तिन्ही एक्स-रे ऑफिसमधल्या कागद फाडायच्या यंत्रात घालायला गेलो. कागद गेले. एक्स-रे जात नव्हते, ते कात्रीने कापावे लागले.

इथेच थांबलो तर तुम्ही म्हणाल, झालं, सांगून टाकलंस. नाही झालं. ज्यासाठी लिहायला बसलो ते अजून राहिलंच आहे.

अण्णांच्या आधी दोन वर्षं बोगी गेली. म्हातारी झाली होती, मागचे पाय गेले होते. त्या रविवारी अण्णा नेहमीसारखं म्हणाले, "बोगीला दे," आणि मला सांगावं लागलं.   मग ते बोलायला लागले. हळू, एक एक शब्द शोधत. ते असे कधी बोलायचे नाहीत.

म्हणाले, "तिला मी शिकवलं होतं रे, दार उघडलं की मी असेन म्हणून. ती वाट बघत राहिली असणार. मी पोचलो नाही."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

मग म्हणाले, "तुलाही मी फार त्रास दिला. इतकी वर्षं तू त्या ऑफिसचे खेटे घालतोस, आणि माझ्या छातीने दर वेळी तुला मान खाली घालायला लावली. कोणाची एवढी मनधरणी करावी लागली असेल तुला. आता नको करूस. मला माफ कर हो, बाळ."

आयुष्यात त्यांनी माझी अशी माफी कधी मागितली नव्हती. लहानपणी मी याच शब्दांची वाट बघत असायचो. त्या स्टुलाच्या वेळी, कितीतरी वेळा. मेधा स्वयंपाकघरात होती. ईशा वर होती. फोनवर फक्त आम्ही दोघं होतो.

मी म्हणालो, "असू दे, अण्णा. त्यात काय एवढं. मी केलं माफ."

आणि तिकडे त्यांनी मोकळा श्वास सोडलेला मला ऐकू आला.